दोन प्रसंगांमधला सांधा

कथेतला एक प्रसंग संपतो आणि दुसरा सुरू होतो, त्या जागेला मराठीत सर्वमान्य असे एक नाव नाही. नाटकात 'प्रवेश बदलला' म्हणतात, चित्रपटात 'कट' म्हणतात, आणि छापखान्यात त्या जागी मोकळी ओळ किंवा तीन फुल्या येतात. या व्याख्यानात तिला 'सांधा' म्हटले आहे. शब्द सुताराचा आहे आणि तो मुद्दाम घेतला आहे. दोन लाकडे खिळे ठोकून जोडता येतात. पण चांगला सुतार एका लाकडाला आधी खाच पाडतो आणि दुसऱ्याचे टोक त्या मापाने तासतो. लाकडे एकमेकांत बसतात तेव्हा खरे काम होऊन गेलेले असते. कथेतला सांधाही दोन प्रसंगांमधल्या रिकाम्या जागेत घडत नाही. तो आदल्या प्रसंगाच्या शेवटच्या दहाबारा वाक्यांत आणि पुढच्या प्रसंगाच्या पहिल्या एकदोन वाक्यांत घडतो.

नव्या लेखकाला ही रिकामी जागा भरून काढावीशी वाटते. स्वयंपाकघरातले बोलणे संपले आणि पुढचे कचेरीत व्हायचे आहे, म्हणून त्याचे पात्र उठते, चपला घालते, जिना उतरते, बस पकडते, खिडकीतून बाहेर बघते आणि एकदाचे कचेरीत पोचते. या वाक्यांत चूक काहीच नसते, फक्त वाचकाला हवे असे काही नसते. वाचक बोलणे संपले तेव्हाच कचेरीच्या दारात जाऊन उभा राहिलेला असतो आणि लेखकाची वाट पाहत असतो. सांधा हा मुळात वगळण्याचा प्रकार आहे. दोन प्रसंगांमध्ये काय वगळले, किती वगळले आणि ते वगळल्याचे वाचकाला कसे कळले, यावर त्याचा बरेवाईटपणा ठरतो. सहजता त्यानंतर येते.

या विषयाचा सर्वात जुना पद्धतशीर विचार भारतात नाट्यशास्त्राच्या परंपरेत झाला. अंकात एका दिवसातल्या घडामोडी असाव्यात. महिन्याचे किंवा वर्षाचे काम दोन अंकांच्या मधल्या जागेत घालावे, मात्र ती जागा वर्षाहून मोठी नसावी, असा दंडक नाट्यशास्त्रात आहे. रंगमंचावर न दाखवलेले प्रेक्षकाला कळवण्याच्या पाच रीतींना 'अर्थोपक्षेपक' असे नाव आहे, आणि दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या 'दशरूपका'त त्यांची नेमकी व्याख्या सापडते. विष्कंभकात मध्यम दर्जाची पात्रे झालेल्या आणि होणाऱ्या गोष्टी थोडक्यात सूचित करतात. प्रवेशकात तेच काम खालच्या दर्जाची पात्रे प्राकृतात करतात, आणि तो दोन अंकांच्या मध्येच येऊ शकतो. चूलिकेत पडद्याआडचा आवाज बातमी देतो. अंकास्यात संपत्या अंकातली पात्रे पुढच्या अंकाचे सूतोवाच करतात, आणि अंकावतारात पुढचा अंक आदल्यातूनच, खंड न पडता उतरतो. आजच्या कादंबरीतले बहुतेक सांधे या पाचांपैकी कुठल्या तरी एका घरात ठेवता येतात. लेखनकलेच्या पुस्तकांत अलीकडे जे सांगितले जाते, त्यातले बरेचसे हजार वर्षांपूर्वी नावानिशी नोंदले गेले होते, याचा मराठी लेखकाला उपयोग करून घेता येईल.

या शास्त्राचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे कालिदासाचे 'अभिज्ञानशाकुंतल'. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते संगीत नाटक म्हणून मराठीत आणले, तेव्हापासून मराठी प्रेक्षकाला ते घरचे झाले आहे. त्यात काय वगळले आहे हे आधी मोजावे. दुष्यंत आणि शकुंतला यांचा गांधर्वविवाह आणि राजाचे राजधानीला परतणे तिसऱ्या आणि चौथ्या अंकाच्या मध्ये कुठेतरी होऊन जाते. राजाने शकुंतलेला दिलेली अंगठी पाण्यात पडते तो क्षण दाखवलेलाच नाही. सहाव्या अंकाच्या शेवटी इंद्राचा सारथी मातली दुष्यंताला दानवांशी लढायला घेऊन जातो, आणि सातवा अंक उघडतो तो लढाई जिंकून परत येणाऱ्या रथात. अख्खे युद्ध दोन अंकांच्या फटीत संपले आहे. दुसरा एखादा नाटककार ज्या घटनांवर नाटक उभे करील, नेमक्या त्याच कालिदासाने वगळल्या.

त्या वगळण्याची सोय त्याने कशी केली, हे चौथ्या अंकाच्या आरंभीच्या विष्कंभकात पाहावे. अनसूया आणि प्रियंवदा फुले वेचत आहेत. विवाह झाला, राजा गेला, आता तो आपल्या सखीला आठवील ना, ही काळजी त्या एकमेकींपाशी बोलून दाखवतात. माहिती इतकीच आहे, पण ती काळजीच्या रूपाने येते. तेवढ्यात पडद्याआडून दुर्वासांचा शाप ऐकू येतो. ज्या भीतीबद्दल त्या बोलत होत्या, तीच खरी होते. प्रियंवदा धावत जाऊन शापाला उतारा मिळवते: ओळखीची खूण दिसली की शाप संपेल. दोघी ठरवतात की शकुंतलेला हे सांगायचे नाही. एका छोट्या जोडप्रवेशात मागचा हिशेब मिटला, पुढच्या तीन अंकांचे बी पेरले गेले, आणि प्रेक्षकाला नायिकेहून जास्त कळले. यानंतर अंगठीचा नुसता उल्लेख झाला तरी प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो. निरोपाच्या वेळी सख्या शकुंतलेला सांगतात की राजाने ओळखले नाही तर अंगठी दाखव. तिथून सहाव्या अंकाच्या प्रवेशकात ती पकडलेल्या कोळ्याच्या हाती निघेपर्यंत एकच वस्तू चार जागी, चार प्रकारच्या माणसांत फिरते आणि सगळे सांधे तोलून धरते.

त्या कोळ्याच्या प्रवेशातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. प्रेक्षकाला फक्त एवढे कळवायचे होते की अंगठी सापडली आणि राजाची स्मृती परतली. ते सांगायला एक दूत पुरला असता. कालिदासाने शिपायांच्या तावडीत सापडलेला, जीव जाईल म्हणून घाबरलेला माणूस उभा केला. कोळ्याला सुटायचे आहे, शिपायांना त्याला मारायचे आहे, आणि बातमी त्या ओढाताणीतून बाहेर पडते. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त पहिल्या आणि दुसऱ्या अंकांमध्ये तब्बल बारा वर्षे जातात. नाट्यशास्त्राची वर्षाची मर्यादा तिथे उघडउघड ओलांडली आहे. ती बारा वर्षे आत्रेयी वासंतीला सांगते. आत्रेयीला दंडकारण्यात येण्याचे स्वतःचे कारण आहे: वाल्मीकींच्या आश्रमात लव-कुशांच्या बुद्धीपुढे तिचे अध्ययन होईना. आणि वनदेवता वासंतीला सीतात्यागाची गोष्ट माहीतच नाही. त्यामुळे जी माहिती प्रेक्षकाच्या सोयीसाठी आहे, ती रंगमंचावर एका व्यक्तीला दुःखाच्या बातमीसारखी भिडते. सांध्यात माहिती द्यायची असेल तर ती ऐकणाऱ्या पात्राला नवी असावी आणि त्याला तिची झळ लागावी. 'तुला ठाऊकच आहे की' या शब्दांनी सुरू होणारे संवाद याच कारणाने पोकळ वाटतात.

स्थळ बदलण्याच्या बाबतीत लोकरंगभूमी याहून मोकळी आहे. वगात पात्राने रंगमंचावर फेरी मारली की दुसरे गाव येते. संस्कृत नाटकातल्या 'परिक्रम्य' या रंगसूचनेचा अर्थही तोच. 1972 सालच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये ओळीने उभी राहणारी माणसेच पडदा होतात. ती पाठ फिरवतात, बाजूला सरतात आणि जागा बदलते. कीर्तनकार आख्यान रंगात आले असताना 'इकडे' असा एक शब्द टाकतो, चाल बदलतो, आणि श्रोते अयोध्येतून लंकेत जातात. तेराव्या शतकातल्या म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'त तर दोन लीळांमध्ये काही जोडच नाही; प्रत्येक लीळा आपले शीर्षक घेऊन स्वतंत्र उभी राहते, आणि मध्यवर्ती व्यक्ती एकच असल्याने वाचक कुठे अडखळत नाही. म्हणजे वाचकाला आणि श्रोत्याला उडी मारण्याची सवय फार जुनी आहे. त्याला उडीची भीती नसते. पाय कुठे टेकला हे कळले नाही, म्हणजे तो गोंधळतो.

पाय टेकवणे हे नव्या प्रसंगाच्या पहिल्या वाक्याचे काम. कोण, कुठे, केव्हा आणि कोणाच्या नजरेतून, एवढे वाचकाला लवकर कळावे लागते. हे काम मराठीत पुष्कळ सोपे होते, कारण मराठी क्रियापद कर्त्याचे लिंग आणि वचन पोटात घेऊन येते. 'उठली तेव्हा उजाडले होते' या चार शब्दांत नाव नाही, सर्वनामही नाही. तरी व्यक्ती स्त्री आहे, एकच आहे आणि पहाट उलटून गेली आहे, हे कळते. आदल्या प्रसंगात एकच स्त्री असेल तर नाव लागतच नाही.

काळासाठीही मराठीत तयार शब्दांचा साठा आहे. 'दिवेलागण झाली', 'सुगी सरली', 'दिवाळी तोंडावर आली', 'मृग लागला' यांतला कुठलाही शब्द घेतला तर तारीख, हवा आणि घरातली कामाची धांदल एकदमच येते. मृग लागला म्हणजे जूनचा पहिला आठवडा उलटला, एवढेच त्यातून कळत नाही. पेरणीसाठी पैसा लागणार आणि कोणीतरी कर्ज काढणार, हेही शेतकरी घरातल्या वाचकाला कळते. 'तीन महिने गेले' या वाक्यात हे काही नाही. असे वाक्य चुकीचे नाही, पण ते दिनदर्शिकेचे वाक्य आहे.

नजर बदलल्याचे सांगण्याची सर्वात सुंदर सोय नात्याच्या शब्दांत आहे. घरातली एकच म्हातारी सुनेच्या नजरेतून 'सासूबाई' असते, मुलाच्या नजरेतून 'आई', नातवाच्या नजरेतून 'आजी' आणि खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या नजरेतून 'मालकीणबाई'. आदला प्रसंग 'सासूबाई दाराशी थांबल्या' असा संपला आणि पुढचा 'आई अजून दाराशीच उभी होती' असा सुरू झाला, तर वाचक सुनेच्या मनातून मुलाच्या मनात गेला. कुठे गेला हे सांगावे लागले नाही. 'थांबल्या' आणि 'होती' यांतला आदरार्थी आणि एकेरी रूपांचा फरकही तीच खूण देतो. मराठी लेखक ही सोय कमी वापरतात. निवेदनात म्हातारीला तिच्या नावाने संबोधून सगळ्यांच्या नजरा एका पातळीवर आणण्याची पद्धत अधिक रूढ आहे. त्यात व्यवस्थितपणा आहे, पण भाषेने फुकट दिलेली एक मोठी गोष्ट त्यात वाया जाते.

सांध्याची निवड आणि वगळण्याची निवड एकमेकींत कशा गुंतलेल्या असतात, हे पाहण्यासाठी एक साधी कल्पित कथा घेता येईल. कोल्हापुरातल्या एका घरात धाकट्या मुलाच्या शिक्षणाला पैसे हवे आहेत. आईने आपल्या सोन्याच्या पाटल्या मोडाव्यात की नाही, यावरून दोन्ही लेकी रात्री स्वयंपाकघरात वाद घालतात. आई काही बोलत नाही. पुढे पाटल्या मोडल्या जातात.

पहिल्या खर्ड्यात वाद संपतो, रात्र जाते, सकाळी आई लुगडे बदलते, थोरली लेक पिशवी घेते, दोघी रिक्षाने गुजरीत येतात, सराफ त्यांना बसायला सांगतो आणि पाणी मागवतो. हे सगळे काढून टाकता येते. दुसऱ्या खर्ड्यात लेकींचा आवाज चढलेला असतानाच आई मोरीपाशी जाते आणि मनगटाला साबण चोळू लागते. थोरली गप्प होते. तिथे प्रसंग संपतो. मोकळी ओळ. सराफ काट्यावरचा आकडा वाचून घटीचे किती वजा होतील ते सांगू लागतो. साबण आणि काटा यांच्यामध्ये एक रात्र, एक रिक्षा आणि सगळे बोलणे नाहीसे झाले. तरी वाचकाला काही चुकल्यासारखे वाटत नाही, कारण साबण लावलेल्या मनगटावरून निघालेली वस्तू पुढच्याच वाक्यात काट्यावर आहे. हा सहज सांधा झाला, आणि बहुतेक लेखक इथे थांबतील.

पण या सांध्यात सराफाचे दुकान खरोखर हवे आहे का? सराफ, घट आणि भाव यांना कथेत पुढे काही काम नसेल तर तो प्रसंग केवळ कथानकातली पायरी आहे. तिसऱ्या खर्ड्यात साबणाच्या प्रसंगानंतरची पहिली ओळ अशी असू शकते: दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना आवाज आला नाही. वर्षानुवर्षे परातीवर वाजणाऱ्या पाटल्या नाहीत, हे घराला आवाजाच्या अभावातून कळते. विक्री सांगितलेली नाही. ती झाली आहे, आणि तिची किंमत वाचकाच्या कानात आहे.

तरीही या तिसऱ्या खर्ड्याला एक धोका आहे, आणि तो दुसऱ्यालाही आहे. आईने नक्की केव्हा ठरवले? ती रात्रभर जागी होती का? लेकींचे ऐकून तिने पाटल्या काढल्या, की वाद थांबावा म्हणून? कथेचा जीव या प्रश्नात असेल, तर साबण आणि परात यांच्यामधल्या देखण्या सांध्याने लेखकाला नेमका तोच प्रसंग चुकवू दिला आहे. सांध्याच्या सहजतेची ही खरी अडचण आहे. अवघड प्रसंग आला की हात आपोआप फुल्यांकडे जातो. भांडण पेटते, आणि पुढच्या ओळीत तीन दिवस गेलेले असतात. माणूस मरणार असतो, आणि पुढच्या ओळीत दहावा दिवस उजाडतो. वाचक अडखळत नाही, पण त्याला काहीतरी मिळायचे राहून जाते. म्हणून सांधा जुळला की जुळवणाऱ्याने एकदा विचारावे की मध्ये जे गेले ते न लागणारे होते म्हणून गेले, की लिहायला कठीण होते म्हणून. ते कठीण असेल तर सांधा मोडून प्रसंग लिहावा. कालिदासाने युद्ध वगळले, पण निरोप वगळला नाही.

भूतकाळात जाण्याचा सांधा वेगळ्या जातीचा आहे. मराठीत त्याची व्याकरणातच सोय आहे. पहिल्या वाक्यात पूर्ण भूतकाळ घ्यावा: त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता. या 'होता'ने वाचक मागे गेला. नंतर प्रत्येक वाक्यात 'होता, होती, होते' लावत राहिल्यास परिच्छेद जड होतो. एकदोन वाक्यांनंतर साध्या भूतकाळावर यावे. सवयीच्या गोष्टींसाठी रीतिभूतकाळ आहे: आजोबा पहाटे उठत, बांधावर जाऊन उभे राहत, आभाळाकडे बघत. या रूपांनी महिनेच्या महिने दोन ओळींत सरतात, आणि मग 'एके दिवशी' म्हणून साधा भूतकाळ आला की सारांश संपून पुन्हा प्रसंग सुरू होतो. परत येण्याची वाट जाण्याआधीच पेरून ठेवावी लागते. आठवण सुरू होताना चुलीवर दूध ठेवलेले असले, तर दूध उतू जाण्याचा वास वाचकाला वर्तमानात आणतो. परतीची अशी खूण ठेवली नाही तर 'तो भानावर आला' असे लिहावे लागते, आणि मराठी कथांमधली माणसे फारच वेळा भानावर येतात.

एकाच काळात अनेक मनांतून फिरायचे असेल, तर त्या मनांबाहेरचे काहीतरी सर्वांना एकदम दिसावे किंवा ऐकू यावे लागते. व्हर्जिनिया वुल्फच्या 1925 सालच्या 'मिसेस डॅलोवे' या कादंबरीत प्रकरणे नाहीत. लंडनमधला जून महिन्यातला एक दिवस आहे. रस्त्यात एका मोटारीचा दणका होतो, सगळे वळून पाहतात, आणि निवेदन क्लॅरिसाकडून युद्धातून मन मोडून परतलेल्या सेप्टिमसकडे जाते. पुढे एक विमान आभाळात धुराने अक्षरे काढते, आणि खालचे लोक ती वेगवेगळी वाचतात. बिग बेनचे टोले अधूनमधून सगळ्यांच्या कानावर पडतात. क्लॅरिसा आणि सेप्टिमस कधी भेटत नाहीत, पण एका आवाजाच्या आधाराने एका कादंबरीत राहतात. गावाकडच्या मराठी कथेत हेच काम एसटीचा हॉर्न, देवळातली घंटा किंवा दवंडी करू शकते. त्यासाठी आवाज सगळ्यांना ऐकू येणारा हवा आणि प्रत्येकाला वेगळा लागणारा हवा.

दोन प्रसंग आलटूनपालटून चालवणे हा याचाच पुढचा टप्पा. फ्लोबेरने 'मादाम बोव्हारी'तल्या कृषिप्रदर्शनाच्या प्रसंगासाठी 1853 साली कित्येक महिने खर्च केले. खाली चौकात सरकारी अधिकारी शेतीवर भाषण करतो आहे, बक्षिसे जाहीर होत आहेत. वर नगरभवनाच्या मजल्यावर रोदोल्फ एमाला प्रेमाच्या गोष्टी सांगतो आहे. आरंभी दोन्ही बाजूंचे तुकडे लांब आहेत. हळूहळू ते आखूड होतात, आणि शेवटी एक वाक्य प्रियकराचे आणि एक वाक्य खताच्या बक्षिसाचे, असे एकमेकांना खेटून उभे राहतात. मध्ये 'इकडे' नाही आणि 'तिकडे' नाही. सांधा आखूड होत गेल्यामुळे रोदोल्फचे शब्द किती ठरीव आहेत ते वाचकाला ऐकू येते, आणि लेखकाने त्यावर मत दिलेले नसते. डिकन्सने याहून आधी 'ऑलिव्हर ट्विस्ट'च्या सतराव्या प्रकरणाच्या आरंभी अशा अचानक बदलांचे उघड समर्थन केले आहे: करुण आणि विनोदी प्रसंगांचे थर मांसातल्या चरबीच्या थरांसारखे एकाआड एक यावेत, आणि आयुष्यातही तसेच घडते. अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथने सिनेमाच्या बाल्यावस्थेत दोन ठिकाणची दृश्ये आलटूनपालटून जोडली ती डिकन्सचा दाखला देऊन, आणि आयझेन्स्टाइनने 1944 साली यावर एक मोठा निबंध लिहिला. चित्रपटाने कादंबरीला 'कट' शिकवला असे सर्रास म्हटले जाते. उगम मात्र उलट दिशेला आहे.

मोठी पोकळी कशी पेलावी याचा नमुनाही फ्लोबेरचाच आहे. 1869 सालच्या 'सेंटिमेंटल एज्युकेशन' या नावाने इंग्रजीत आलेल्या कादंबरीत, 1851 च्या डिसेंबरातल्या सत्तापालटाच्या वेळी नायक रस्त्यावर एक खून पाहतो, आणि खून करणाऱ्याला ओळखतो. प्रकरण तिथे तुटते. पुढचे प्रकरण नायकाच्या प्रवासाबद्दलच्या अगदी छोट्या वाक्याने उघडते, काही ओळींत वर्षेच्या वर्षे मागे पडतात आणि 1867 साल येते. प्रूस्टने 1920 साली लिहिले की या पुस्तकातली सर्वात सुंदर गोष्ट एखादे वाक्य नसून ही कोरी जागा आहे. ती सुंदर का वाटते याचे कारण तपासण्यासारखे आहे. खुनाच्या धक्क्यानंतर वाचकाला प्रतिक्रिया हवी असते. ती दिली असती तर लहान पडली असती. फ्लोबेरने गती बदलली: सेकंदांनी चालणारे निवेदन एकदम वर्षांनी चालू लागले, आणि त्या फरकातच नायकाचे रिते झालेले आयुष्य कळले. इथे सांधा सहज नाही, तो जाणवणारा आहे, आणि तो जाणवायलाच हवा. वुल्फने 'टू द लाइटहाउस'मध्ये दहा वर्षे रिकाम्या घरात घालवली आणि मुख्य व्यक्तीचा मृत्यू कंसातल्या एका वाक्यात सांगितला, तेव्हाही तेच केले.

मराठी कादंबरीत सांध्यांना वळण लावले ते नियतकालिकांनी. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 1890 साली सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः आली. हप्ता संपला की आठवडा जाणार, म्हणून प्रकरणाच्या शेवटी वाचकाला धरून ठेवणे आणि पुढच्याच्या आरंभी त्याला परत बसवणे भाग होते. यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते, त्यामुळे तिच्या आठवणीच्या ओघात काळाच्या उड्या स्वाभाविक होतात. विश्राम बेडेकरांनी 'रणांगण' (1939) मध्ये जागेचा प्रश्नच सोडवून टाकला: युरोपातून निघालेली बोट. डेक, केबिन, जेवणाची खोली, आणि भोवती समुद्र. कोण कुठे आहे हे पुन्हा पुन्हा सांगावे लागत नाही, आणि बोट पुढे चालली आहे हे काळाचे भान आपोआप राहते. बेडेकर चित्रपटदिग्दर्शकही होते, हे त्या कादंबरीच्या घट्ट बांधणीकडे पाहताना आठवते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चे (1955) उदाहरण वरच्या सगळ्या सांगण्याला मर्यादा घालते. प्रवास वगळावा असे वर म्हटले; ही कादंबरी सुरू होते तीच पहाटे नोकरीच्या गावाकडे एकट्याने चालत निघालेल्या तरुण शिक्षकाने. ती वाट वगळली असती तर वाडी किती दूर आहे, माळ किती उघडा आहे आणि मुलगा किती कोवळा आहे, हे कशातून कळले असते? पुढे दुष्काळात वाडी ओस पडते तेव्हा माणसे त्याच मोकळ्या माळावरून निघून जातात. तेव्हा चालणे स्वतःच काही सांगत असेल तर तो प्रसंग आहे, आणि केवळ पोचवत असेल तर तो वगळायचा भाग आहे. चालणाऱ्याच्या मनात किंवा वाटेत काही बदलते का, एवढे पाहिले की निर्णय होतो.

जोडशब्दांबद्दल थोडे. 'इतक्यात', 'तेवढ्यात', 'दरम्यान', 'इकडे' हे शब्द वाईट नाहीत. 'इकडे'ला कीर्तनाची ऊब आहे, आणि निवेदक सांगणारा माणूस म्हणून जिथे उभा आहे तिथे तो शोभतो. 'दरम्यान' मात्र वृत्तपत्राचा शब्द आहे आणि कथेत तो बातमीचा सूर आणतो. 'इतक्यात'वर भिस्त ठेवणाऱ्या कथेत दारे सारखी वाजत राहतात आणि पात्रे योगायोगाने येत राहतात. असा शब्द खोडून पाहावा. वाक्य तरीही उभे राहिले तर तो शब्द नकोच होता. पडले तर दोष शब्दात नसतो. आदल्या प्रसंगात खाच पाडायची राहिलेली असते.

दुरुस्तीच्या वेळी सांधे वेगळे काढून वाचण्याची एक रीत उपयोगी आहे. प्रत्येक प्रसंगाची शेवटची दोन वाक्ये आणि पुढच्याची पहिली दोन एका कागदावर ओळीने उतरवून घ्यावीत. असे केले की सवयी उघड्या पडतात. सगळे प्रसंग झोपेने संपतात आणि जाग येण्याने सुरू होतात. किंवा प्रत्येक प्रसंगाचा शेवट एका अर्थपूर्ण वाक्याने होतो, आणि त्या वाक्यानंतर कथा दरवेळी थंडावते. बहुतेकदा ते शेवटचे वाक्य काढले की त्याच्या आधीचे साधे वाक्य पुढच्या प्रसंगाला जास्त चांगले जुळते, कारण त्यात अजून काहीतरी घडायचे बाकी असते.

शेवटी छपाई. हस्तलिखितात सोडलेली मोकळी ओळ ही लेखकाची खूण असते, पण पुस्तकाच्या मांडणीत ती नेमकी पानाच्या तळाशी किंवा माथ्याशी आली तर दिसेनाशी होते. वाचक पान उलटतो आणि त्याला न कळता दुसऱ्या गावात, दुसऱ्या वर्षात जाऊन पडतो. मग दोन ओळी मागे जाऊन पुन्हा वाचतो. फुल्या पानाच्या कडेला आल्या तरी हरवत नाहीत. म्हणून काळ किंवा नजर बदलणारा मोठा सांधा असेल तिथे लेखकाने हस्तलिखितातच फुल्या घालाव्यात, मोकळी ओळ लहान सांध्यांसाठी ठेवावी, आणि मुद्रिते तपासताना प्रत्येक पानाची पहिली आणि शेवटची ओळ वेगळी पाहावी.